अंबडमधली बॉयलर सफाई सेवा: ॲसिडचं काम चोख, मोब्रेची (पाण्याच्या पातळीच्या स्विचची) तपासणी अपुरी

आमचा ताशी 2 टन वाफेचा तीन पास स्मोक ट्यूब बॉयलर (नळ्यांतून गरम धूर तीन फेऱ्या मारतो, बाहेर पाणी), कामाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 10.54 किलो, इंधन ब्रिकेट (भुसा, काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या विटा). बाष्पके संचालनालयाच्या वार्षिक तपासणीआधीची सफाई नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहान एजन्सीने केली. सातपूर, गोंदे, सिन्नरकडच्या युनिटांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली. आग काढल्यावर त्यांनी बॉयलर आपोआप निवू दिला, पूर्ण एक दिवस. गरम बॉयलरमध्ये गार पाणी सोडून वेळ वाचवणारे बरेच आहेत. पण त्यामुळे ट्यूब आणि ट्यूब प्लेट (ट्यूबची टोकं जिच्यात बसवलेली असतात ती जाड प्लेट) वेगवेगळ्या वेगाने आकसतात, एक्सपांड केलेले (टोक फुगवून घट्ट बसवलेले) जॉइंट सैल पडतात आणि गळती पुन्हा चालू केल्यावर दिसते. प्रेशर गेज शून्यावर आल्यावरही आधी एअर कॉक (वरची हवा सोडायची तोटी) उघडला, मगच मॅनहोलला हात लावला. हे बरोबरच आहे. सायफन (गेजकडे जाणारी वळलेली नळी) चोंदलेला असेल तर आत दाब असतानाही गेज शून्य दाखवतं.

हेडरवर (वाफेच्या सामाईक मुख्य नळीवर) दुसरा बॉयलर चालू होता, म्हणून नुसता स्टीम व्हॉल्व्ह बंद करून भागलं नाही. ब्लँक प्लेट (नळी पूर्ण बंद करणारी चकती) टाकली आणि कुलूप लावलं. ब्लोडाउन लाइनही (तळाचं गाळाचं पाणी बाहेर सोडणारी) दोन्ही बॉयलरना सामाईक असेल तर तीही वेगळी करावी लागते, ती आठवण मात्र आम्हाला करून द्यावी लागली. फर्नेसमध्ये माणूस उतरण्याआधी ऑक्सिजन मोजला (19.5 टक्क्यांखाली असेल तर आत जायचं नाही), दिवा 24 व्होल्टचा आणि दाराशी एक माणूस सतत उभा.

फायर साइडला (धुराच्या बाजूला) प्रत्येक ट्यूबमध्ये बोअरच्या मापाचा तारेचा ब्रश फिरवला. राख कोरडीच काढली. ओली केली तर ती ट्यूबला चिकटून पत्रा खाते, म्हणून पावसाळ्यात बॉयलर बंद ठेवायचा असेल तर हे काम बंद केल्याबरोबर उरका. सफाईनंतर त्याच लोडवर चिमणीचं तापमान खाली आलं. ढोबळ हिशेब असा की तिथे 22 अंश वाढले की इंधन सुमारे 1 टक्का जास्त जातं.

वॉटर साइडला (पाण्याच्या बाजूला) त्यांनी आधी स्केलचा (पाण्यातल्या क्षारांच्या थराचा) तुकडा काढून त्यावर ॲसिडचे थेंब टाकले. फसफसून विरघळला, म्हणजे कार्बोनेट. सिलिका किंवा सल्फेट असता तर हे ॲसिड कितीही फिरवून उपयोग नव्हता. इन्हिबिटर (लोखंडाला ॲसिडपासून जपणारं रसायन) घातलेलं 5 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड खालून वर फिरवलं, तापमान 60 अंशांच्या आत ठेवलं, दर अर्ध्या तासाला तीव्रता तपासली. तीव्रता घटायची थांबली की स्केल संपलं. पुढे चालू ठेवलं तर लोखंड खाल्लं जातं. या क्रियेत हायड्रोजनही निघतो, त्यामुळे व्हेंटजवळ वेल्डिंग, ग्राइंडिंग पूर्ण बंद होतं. नंतर धुऊन सोडा ॲशने उदासीन केलं. ते पाणी गटारात न सोडता ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला) गेलं, याचं श्रेय त्यांना.

पुष्कळजण इथेच थांबतात आणि तिथेच घात होतो. सुटलेले पोपडे ट्यूबच्या मध्ये आणि फर्नेसच्या माथ्यावर साचतात, पाणी पोचत नाही आणि पत्रा तापून फुगतो. या एजन्सीने सगळे मडहोल आणि हँडहोल उघडले, मॅनहोलमधून जेट मारला, खाली घमेल्यांनी चिखल काढला. आमच्या मते दर ठरवताना ॲसिडचे कॅन मोजू नका. किती झाकणं उघडणार ते विचारा.

स्केल निघालं की त्याने बुजलेल्या गळत्याही उघड्या पडतात, म्हणून हायड्रोटेस्ट (पाण्याने दाब देऊन घेतलेली चाचणी) सफाईनंतरच. दोन ट्यूबचे जॉइंट पाझरले, ते पुन्हा एक्सपांड केले. फ्युजिबल प्लग (पाणी कमी होऊन पत्रा तापला की वितळणारा सुरक्षा प्लग) आणि गॅस्केट नवे बसवले, पण ते कोटेशनमध्ये नव्हते. आधी विचारून घ्या.

नाराजी एकाच बाबतीत, पण ती मोठी आहे. मोब्रे, म्हणजे पाणी कमी झाल्यावर आग बंद करणारा स्विच, त्यांनी फ्लोट हाताने हलवून 'चालू' असा शेरा मारला. एवढ्याने फक्त वायरिंग कळतं. चेंबरची खालची नळी गाळाने भरलेली असेल तर बॉयलर रिकामा होईल, फ्लोट मात्र वरच राहील. खरी तपासणी म्हणजे माणूस समोर उभा करून, मंद आगीवर ब्लोडाउनने पातळी हळूहळू उतरवायची. आधी अलार्म वाजला पाहिजे, मग आयडी (धूर ओढणारा), एफडी (हवा ढकलणारा) फॅन आणि ब्रिकेटचा फीडर थांबला पाहिजे, आणि हे गेज ग्लासमध्ये पाणी दिसत असतानाच झालं पाहिजे. सांगितल्यावर त्यांनी तसं केलं. रिपोर्टमध्ये ट्यूब प्लेटची जाडीही नव्हती, मागून घेतली.

पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलावणार आहोत, वर्क ऑर्डरमध्ये या दोन ओळी घालून. तोवर सॉफ्टनर (पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा काढणारं यंत्र) आपल्याच हाती: फीड पाण्याचा हार्डनेस 5 पीपीएमच्या आत, बॉयलरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 3500 पीपीएमच्या आत. बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळलं की रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर पुन्हा ताजा करणं) तारखेने नाही, रोजच्या हार्डनेस टेस्टने करा.