पत्रे आधी की टीव्ही? शाळेच्या पैशांचा हिशेब

शाळेवर पैसे कशात घालायचे हा विषय बैठकीत निघाला की पहिला हात टीव्हीसाठी वर होतो. साहजिक आहे. टीव्हीचं उद्घाटन होतं, फोटो गावच्या ग्रुपवर जातो. पत्र्याखाली मारलेल्या छताला नारळ फोडायला कोणी येत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या दोन-तीन खोल्यांच्या शाळेपुरता हा हिशेब मांडतो.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषाप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीतच ते संपतं. मोठं काम लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीकडून नाहीतर जिल्हा नियोजनातून. असा पैसा वारंवार येत नाही.

तिसरी मागणी असते नव्या खोलीची. तिचं लवकर आटपतं. स्लॅबची सळई उघडी पडली असेल, भिंतीला आरपार भेग असेल, तर तुलना करतच बसू नका; मुलं बाहेर काढा, अभियंत्याला बोलवा, निर्लेखनाचा, म्हणजे खोली पाडायच्या मंजुरीचा, प्रस्ताव पाठवा. पण खोली धडधाकट असताना फक्त जुनी दिसते म्हणून पाडायला निघालात, तर नवी मंजूर होऊन उभी राहीपर्यंत दोन वर्ग एका खोलीत कोंबावे लागतील.

खरा पेच पत्रे की टीव्ही हाच.

जुलैतली एक दुपार सांगतो. तिसरीचा वर्ग, वर पत्रे, सरीवर सर. बाई पाढे म्हणून घेत होत्या. चौथ्या ओळीतल्या पोरांना नुसते ओठ हलताना दिसत होते. शेवटी बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘उतारा उतरवून काढा.’ पाऊस थांबेपर्यंत शिकवणं बंद. पावसाळ्यात असे किती तास जातात ते कुठल्याच हजेरीपटावर चढत नाही. उन्हाळ्याचं दुखणं निराळं. त्यासाठी आपण सकाळची शाळा काढली, तरी अकराच्या सुमाराला पत्रा तापतोच.

आता त्याच खोलीत टीव्ही लावा. उजेडात पडद्यावर नीट दिसत नाही म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात, म्हणजे असलेला वाराही गेला. पाऊस आला की आवाज पत्र्याखाली बुडतो. बिल थकलं की वीज तोडली जाते. टीव्हीचा एक गुण मात्र मोठा आहे: दोनशिक्षकी शाळेत गुरुजी पहिलीला अक्षर गिरवून घेत असताना चौथीला धडा दाखवता येतो. पुस्तकातल्या क्यूआर कोडचं साहित्य त्यावर छान चालतं. हे सोडून द्यावं असं मी म्हणत नाही.

छपराच्या बाजूला पुरावा जास्त आहे. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठानं २७ प्राथमिक शाळांमधल्या १५३ वर्गखोल्या तपासल्या. २०१५च्या अहवालानुसार मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतला १६ टक्के फरक खोलीच्या गुणांशी जोडता आला. त्यात जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमानाचा. तिकडचं हवामान वेगळं, आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण मुलांना तिथे जे लागतं तेच इथे लागतं.

काम काय करून घ्यायचं? पत्र्याखाली मोकळी जागा सोडून छत मारलं की ऊन आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. थर्माकोल नको, पेटतो. वर पांढरा परावर्तक रंग, भिंतीत उंचावर झरोके. फळा चकाकत असेल तर शेवटच्या ओळीत खाली बसून बघा. मोठ्या माणसाला उभ्यानं जे दिसतं ते बसलेल्या पोराला दिसत नाही. रंगकाम काढलंच आहे तर इमारतच शिकवायचं साधन करणाऱ्या ‘बाला’ उपक्रमासारखं दाराखालच्या फरशीवर कोनमापक आखून घ्या. दार जेवढं उघडेल तेवढा कोन. खर्च डबाभर रंगाचा.

मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी नळ. पाणी नसलेल्या स्वच्छतागृहात मोडके बाक साठवलेले मी पाहिलेत.

छप्पर झालं, पाणी आलं आणि पैसे उरले, तर टीव्ही जरूर घ्या. टांगायची भिंत ठरवाल तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा तिला हात लावून बघा, ओल आहे का.