‘पाय दुखतोय का?’ असं विचारणारा चॅटबॉट: वापरानंतरचा अनुभव

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डायबेटिस होऊन वीसेक वर्षं झाली. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत नोकरी झाली, आता निवृत्त. कंबर वाकत नाही, नजरही कमी झालीय, त्यामुळे स्वतःचे तळवे त्यांना दिसत नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या मोबाईलवर डायबेटिसच्या पायांची काळजी शिकवणारं एक चॅटबॉट ॲप घेतलं. सहा महिन्यांचे ९९९ रुपये. जोडीला माझ्या फोनवरचा फुकटातला एआय चॅटबॉटही त्याच कामाला लावला. फीचर्सची यादी प्ले स्टोअरवर आहेच, ती इथे लिहीत बसत नाही. ॲपचं नावही घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही ॲपमध्ये तपासून बघण्यासारखं आहे.

रोज सकाळी आठला ॲप विचारतं, ‘आज पाय दुखतोय का?’ खाली हो आणि नाही अशी दोन बटणं. ‘नाही’ दाबलं की हिरवी खूण उमटते आणि ‘छान! आज तुमचे पाय सुरक्षित आहेत’ असं येतं. बाकी धडे, व्हिडिओ, रिमाइंडर कितीही चांगले असू देत, या एका प्रश्नापायी मी या ॲपला दोनच स्टार देणार होते. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, आग होते, आणि पुढे जाणीवच जाते. खडा टोचला, चटका बसला, बूट चावला, काही कळत नाही. ज्या पायाला दुखणंच कळत नाही, त्याची खुशाली ‘दुखतोय का’ असं विचारून कशी कळणार?

मामा आयुष्यभर कोल्हापुरी पायताण घालत आलेत. उन्हाळ्यात तळ झिजला म्हणून त्यांनी खालून रबर मारून घेतलं. ते बसवायला ठोकलेल्या बारीक खिळ्यांपैकी एक टाचेखाली वर आला. मामा तसेच संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारून आले. स्वयंपाकघरात पांढरी फरशी आहे, तिच्यावर मला लालसर ठिपके दिसले, सगळे उजव्याच पायाचे. पायताण हातात घेऊन आतून बोट फिरवलं तर तांदळाच्या कणीएवढं टोक लागलं. टाचेला भोक पडलेलं, भोवती रक्त सुकलेलं, आणि मामा खुर्चीत बसून चहा मागत होते. दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी असताना आठ वाजता तोच प्रश्न आला. मामांनी ‘नाही’ दाबलं, हिरवी खूण आली. मी बोलले तर म्हणाले, “अगं, दुखत न्हाई तर न्हाईच म्हणणार की.” त्यांचं उत्तर अगदी खरं होतं.

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम साफ केली आणि टाचेवर भार द्यायचा नाही असं बजावलं. मग नायलॉनच्या जाड दोऱ्यासारखी एक काडी काढली. तिला मोनोफिलामेंट म्हणतात, १० ग्रॅमचा दाब पडला की ती वाकते. मामांनी डोळे मिटले होते. काडी अंगठ्याला लागली, चवड्याला लागली, वाकली, तरी ते गप्पच. डॉक्टर म्हणाले, ही तपासणी डायबेटिस असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, आणि संवेदना गेलेल्यांची त्याहून लवकर लवकर.

त्याच रात्री ॲपच्या मदत कक्षाला सविस्तर लिहिलं: हा प्रश्न काढा, त्याऐवजी ‘काय दिसतंय’ ते विचारा. पहिलं उत्तर बॉटचं, दुसरंही बॉटचं. शेवटी एका माणसाचं उत्तर आलं की मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला आहे, आपला अभिप्राय पुढे पाठवला आहे. तेवढ्यात ऑटोपेवरून पुढच्या सहा महिन्यांचे ९९९ कापले गेले. पैसे परत मागितले, तर प्लॅन सुरू झाल्यावर परतावा मिळत नाही म्हणे. मी घरखर्च वहीत लिहिणारी बाई आहे. त्या रकमेत पायाखाली ठेवायला एक आरसा, टॉर्च, चांगला नेलकटर आणि महिनाभराचं मलम येऊन वर पैसे उरले असते.

फुकटातल्या चॅटबॉटने मात्र मला एक गोष्ट शिकवली जी ॲपच्या एकाही धड्यात नव्हती. घरच्या माणसाने बोटाने करायची स्पर्शाची चाचणी. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ती काढली म्हणून तिला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. माणसाने डोळे मिटायचे. आपण त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवायची. दाबायचं नाही, घासायचं नाही. जाणवलं की त्याने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. दोन्ही पायांच्या मिळून सहा जागा होतात, त्यातल्या दोन किंवा जास्त कळल्या नाहीत तर पायाची जाणीव कमी झालीय असं धरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. माझ्या मुलाने आजोबांची ही चाचणी केली. दोनदा आजोबा “कर की आता” म्हणाले, तेव्हा त्याचं बोट करंगळीवर टेकलेलंच होतं. खर्च शून्य. शेजारच्या काकूंची, माझ्या आईची, सगळ्यांची करून झालीय.

पण याच चॅटबॉटने एकदा ‘रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसवा’ असंही सांगितलं. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्पष्ट नको म्हटलं. भिजत ठेवल्याने कातडी मऊ पडते, चिरा जातात, आणि बधिर पायाला पाणी किती गरम आहे तेही कळत नाही. पाय धुवायचे ते ३७ अंशांच्या आतल्या पाण्याने, दुसऱ्याने हात घालून बघितलेल्या, आणि लगेच पुसायचे. त्यामुळे त्याने नवा उपाय सांगितला की डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करायचा नाही, असा घरात नियम झालाय.

इथवरचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. आता जुलै चाललाय, पंचगंगा पात्राबाहेर आलीय, आणि ॲपबद्दलचं माझं मत थोडं बदललंय. पाऊस लागल्यावर ॲपने चिखल्यांवर एक छोटा धडा पाठवला. स्वच्छ मराठीत, सावकाश वाचलेला, मामांनी दोनदा ऐकला. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, टाचेला मलम लावा पण बेचक्यांत लावू नका, ओले बूट पुन्हा घालू नका. मुलाने टॉर्च घेऊन बघितलं तर डाव्या करंगळीच्या बेचकीत कातडी पांढरी पडून भिजलेली होती. डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं, आठवड्यात सुकलं. हे अगदी वेळेवर झालं. मामा माझं ऐकत नाहीत तेवढं त्या आवाजाचं ऐकतात, हेही मान्य करायला हवं. कुरुपाला औषधी पट्टी लावायचं त्यांनी सोडलं ते त्या धड्यामुळेच. त्या पट्टीतलं ॲसिड चांगली कातडीही खातं, हे मी किती वेळा सांगून दमले होते. म्हणून आता तीन स्टार. सकाळचा प्रश्न अजून तसाच आहे, नाहीतर चार दिले असते.

फुकटातल्याला मी ठरलेला मजकूर देते, हवा त्याने उचलावा: ‘तू रोज पायाची एकच जागा विचार. बेचकी, टाच, चवडा, नखांच्या कडा, घोटा, बुटाची आतली बाजू, अशी बदलत राहा. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारू नकोस. रंग, सूज, ओल, चीर, घट्टा, वास आणि दुसऱ्या पायाच्या मानाने गरमपणा, एवढंच विचार. दुखतं का, ते विचारू नकोस. नवी जखम, काळेपणा, पू किंवा ताप असेल तर घरगुती उपाय न सांगता आजच डॉक्टरांकडे पाठव.’ थोडे दिवस तो नीट विचारतो, मग विसरतो आणि परत ‘सगळं ठीक ना?’वर येतो. तेव्हा मजकूर पुन्हा टाकावा लागतो. पायाचे फोटोही त्याला दाखवते, पण फुकटात त्यांना रोजची मर्यादा आहे. फोटोत चेहरा, रिपोर्टवरचं नाव येऊ देत नाही.

पायताणाचं सांगायचं तर ॲप ‘मऊ पादत्राणे वापरा’ एवढंच म्हणतं. डॉक्टरांनी एमसीआर म्हणजे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या सोलचे, मागे पट्टा असलेले सँडल घ्यायला लावले, पायापेक्षा आतून एक-दोन सेंटिमीटर लांब. कोल्हापुरीचा अंगठा अडकवायचा पट्टा बोटाला घासतो आणि तळ कडक, म्हणून ती बंद. घरातही अनवाणी नाही. जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी जायचा मामांचा नेम होता, त्यावरून घरात बरीच वादावादी झाली. यंदाच्या चैत्रात ते पायथ्यापासून गाडीने गेले आणि उन्हं तापायच्या आत दर्शन घेऊन आले.

असं एखादं ॲप घेणार असाल तर पैसे भरण्याआधी फ्री ट्रायलमध्ये त्याला एवढंच लिहून बघा: ‘पाय लाल झालाय, गरम लागतोय, सुजलाय, पण अजिबात दुखत नाही.’ हे शार्को फूट असू शकतं. त्यात बधिर पायाची हाडं आतून ठिसूळ होऊन मोडतात आणि चालत राहिलं तर पायाचा आकारच बिघडतो. आमच्या ॲपने सांगितलं, ‘विश्रांती घ्या, दुखू लागल्यास डॉक्टरांशी संपर्क साधा.’ फुकटातल्याने सांगितलं, त्या पायावर भार देऊ नका आणि आजच दाखवा. पहिल्यासारखं उत्तर आलं तर ॲप काढून टाका, आणि ऑटोपेला परवानगी दिली असेल तर तीही त्याच दिवशी रद्द करा.