नाडीचा चामडी फुटबॉल: १९११च्या शिल्डचा खेळ कोकणच्या पावसात खेळायचा तर

मोहन बागान या कलकत्त्याच्या क्लबने २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात आयएफए शिल्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. त्या दिवसाची आठवण म्हणून कॉलेजच्या मुलांचा, त्या संघासारखाच, अनवाणी सामना ठेवायचा असेल, तर बॉलही त्या काळच्या पद्धतीचा हवा: १८ पट्ट्या, हाताची शिवण, एका पट्टीला चीर, चिरीखाली चामड्याची जीभ, वरून नाडी आणि आत लांब नळीचं रबरी ब्लॅडर. रत्नागिरी-चिपळूणकडच्या खेळाच्या दुकानांत असा बॉल सहसा तयार नसतो. सांगून ठेवला की जालंधरहून मागवून देतात. किंमत साध्या सिंथेटिक बॉलच्या तिपटीच्या घरात जाते. बॉल पैसे वसूल करणारा आहे, पण कोकणातल्या जुलैत त्याची निगा राखणारं कुणीतरी हवं.

मागवतानाच विचारून घ्या, नाडी खरी की शोभेची? बऱ्याच ‘जुन्या’ बॉलना नाडी वरवर शिवलेली असते आणि हवा भरायचा व्हॉल्व दुसरीकडे लपवलेला असतो. कपाटात ठेवायला तो ठीक, पण खेळायला घेतला की चार जोरदार किकांत नाडीची शिवण उचकटते. खऱ्या नाडीचा बॉल हातात आला की पट्ट्यांचा सांधा दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहा. आतला दोरा दिसला, तर शिवण सैल आहे, परत करा. घेर २७ ते २८ इंच भरायला हवा. दोरी गुंडाळून टेपवर मोजली की कळतं.

वजनाबाबत एक गैरसमज पक्का आहे, की जुना बॉल मुळातच दगडासारखा जड असायचा. तेव्हाच्या नियमात वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३६८ ते ४२५ ग्रॅम होतं; ते १९३७ साली एका औंसाने वाढवलं. आजचा नियम ४१० ते ४५० ग्रॅमचा आहे. म्हणजे कोरडा जुना बॉल बहुधा आजच्यापेक्षा हलकाच. त्याला जड करायचं ते पाणी. चामडं पाणी पितं, शिवणीतूनही ते आत मुरतं, आणि उत्तरार्धापर्यंत बॉल पायाला ठणका देऊ लागतो.

आता हवा भरणं. ब्लॅडरला हलकी टाल्कम पावडर चोळा, म्हणजे ते चामड्याला चिकटून पिळलं जात नाही. घडी करून चिरीतून आत सरकवा, नळी बाहेर ठेवा. आधी निम्मी हवा भरून बॉल चारी बाजूंनी दाबा, म्हणजे ब्लॅडर आत सरळ बसतं. मग नाडी एका टोकाकडून चिरीच्या तीन चतुर्थांशापर्यंत ओवून घ्या आणि उरलेली हवा भरा. पूर्ण हवा भरून मग नाडी ओवायला घेतली, तर चिरीचे ओठ जवळच येत नाहीत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नळी दुमडून मेणाच्या दोऱ्याने दोनदा घट्ट बांधा आणि जिभेखाली आडवी सारा. ती उभी राहिली, तर तिथे टेंगूळ येतं आणि बॉल घरंगळताना लंगडतो. शेवटी नाडी आवळून गाठ आत ढकला. अनवाणी खेळायचं असल्याने बॉल टणक नको. अंगठे रोवले की अर्धा इंच दबला पाहिजे.

१९११च्या संघात दहा जण अनवाणी होते, बूट एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. सेंट झेवियर्सला ३-०, रेंजर्सला २-१, रायफल ब्रिगेडला १-०, मग मिडलसेक्सशी १-१ बरोबरी आणि फेरसामन्यात ३-०. अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटने फ्री किकवर आघाडी घेतली. शिबदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोषांनी शेवटच्या मिनिटांत २-१ केलं. सहा सामन्यांत १२ गोल केले, खाल्ले फक्त ३, तेही ऐन जुलैत, बहुतेक बूटवाल्या ब्रिटिश पलटणींसमोर. हा बॉल उघड्या पायाने अर्धा तास खेळवला, की हे आकडे वाचण्याची नजरच बदलते. मुलांना हे कळावं, एवढ्यासाठी तरी बॉल घ्यावा.

खेळवताना दोन गोष्टी सक्तीच्या करा. फ्री किकला बॉल ठेवताना नाडी पायाच्या बाजूला येऊ देऊ नका, बोटं सोलून निघतात. आणि भिजलेल्या बॉलवर हेडर बंद. नाडी कपाळावर बसली तर कातडी फाटते, आणि ओल्या बॉलचा दणका डोक्याला बरा नव्हे. पावसाची सर मोठी आली, तर चामडी बॉल बाहेर काढून सिंथेटिक आत घ्या.

मैदान हिरवळीचं हवं. जांभ्याच्या कातळावर पट्ट्यांच्या कडा आणि दोरा काही दिवसांत झिजतो. भात कापलेल्या कुणग्यात धसकटं चामडं ओरबाडतात. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, खेळलात, तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने लगेच पुसून काढा. मीठ चामड्यात राहिलं की ते ओल धरून ठेवतं.

खरी परीक्षा सामन्यानंतर असते. तांबडी माती ओली असतानाच पुसा, हवा थोडी कमी करा आणि पडवीत वाऱ्याला टांगा. चुलीच्या धगीला किंवा उन्हात वाळवला की चामडं कडक होऊन शिवणीपाशी तडकतं. पूर्ण वाळल्यावर चामड्याचं मेण पातळ चोळा, शिवणीवर जरा जास्त. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका. चामडं सैल पडतं, बॉल अंडाकृती होतो, आणि उंदीर येतात ते वेगळंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात, तर श्रावणात आठवडाभरात बुरशी धरते. सुती पिशवी बरी.

बॉलसोबत एकच ब्लॅडर येतं आणि नाडी ओवायची सळई येत नाही. जादा ब्लॅडर त्याच ऑर्डरमध्ये सांगा, नंतर एकट्या ब्लॅडरसाठी दुकानदार फारसा उत्साह दाखवत नाहीत. सळई घरीच होते: सायकलचा जुना स्पोक वितभर कापा, टोक आकड्यासारखं वळवा आणि दगडावर घासून पूर्ण बोथट करा. चांभाराची आरी वापरू नका, पहिल्याच ओवणीत ब्लॅडर फुटतं.