चार इंची हाय-पॉवर रॉकेटची बॉडी: सांगलीचा पावसाळा आणि उन्हाळा काढल्यानंतर

निकाल आधी सांगतो. कागदी ट्यूबवर फायबरग्लास चढवलेली बॉडी आजही सरळ आणि टणक आहे. गॅरेजवाल्याकडून मारून घेतलेल्या पांढऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाला पूर्ण गुण. वरच्या भागावर मारलेल्या स्प्रे कॅनच्या रंगाला काठावर पास. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेलं नाक बाद. ते बदलून फायबरचं बसवलंय. पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे अजिबात वाचवू नयेत, हे इथल्या हवेत नीट कळलं.

माप असं: ट्यूबचा बाहेरचा व्यास साधारण १०२ मिमी, ९००-९०० मिमीच्या दोन ट्यूब, मधे २०० मिमीचा इलेक्ट्रॉनिक्सचा कप्पा, ५४ मिमीचा मोटर माउंट (मोटर बसवायची आतली नळी), तीन फिन (शेपटीचे पंख). पॅराशूट, दोर आणि रंगासकट उतरतानाचं वजन साडेतीन किलोच्या घरात. अमेरिकेतल्या हौशी रॉकेट संघटनांच्या व्याख्येनुसार १५०० ग्रॅमच्या पुढचं रॉकेट हाय-पॉवरच. मोटरच्या बाजूने पाहिलं तर एकूण इम्पल्स (जोर गुणिले वेळ) १६० न्यूटन-सेकंदांच्या वर गेला किंवा सरासरी थ्रस्ट (जोर) ८० न्यूटनच्या वर गेला, की तोच वर्ग लागतो.

मोटरचं इथेच उरकतो. असली मोटर घरी बनवणं किंवा साठवणं थेट १८८४ च्या स्फोटक कायद्यात आणि २००८ च्या नियमांत येतं, परवाने नागपूरचं पेसो (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) कार्यालय बघतं. त्यामुळे ‘जुगाड’ विचारू नका. उड्डाण फक्त परवानगी असलेल्या स्पर्धेच्या मैदानावर, मोटर आयोजकांची. तसंही आपल्याकडे एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा. रॉकेट उतरवणार कुठे?

आता फायबर. दुकानात ‘फायबर’ मागितलं की बहुतेक जण चॉप स्ट्रँड मॅट (तुटक धाग्यांची चटई) काढून देतात. ती घेऊ नका. मॅटमधले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट कडक राहते, गोलाईवर बसत नाही आणि रेझिन भरमसाट पिते. विणलेलं २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) साधं कापड घ्या. परीघ ३२० मिमी, म्हणजे दोन वेढ्यांना ६४० आणि वर ३० मिमी ओव्हरलॅप. ९०० मिमी लांबीला कापड भरतं साधारण १२० ग्रॅम. रेझिनही तेवढंच लागतं, ब्रशात आणि कपात राहणारं धरून १५० ग्रॅम कालवावं.

रेझिन लॅपॉक्स एल-१२ आणि हार्डनर के-६, वजनाने १०० ला १०. हे दहा म्हणजे दहाच. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा नसेल तर काम सुरूच करू नका. ‘लवकर वाळावं’ म्हणून हार्डनर वाढवला की त्यातलं जास्तीचं अमाइन आत तसंच राहतं आणि थर चिकट व कमकुवत होतो. एप्रिल-मेमध्ये एका वेळी ७०-८० ग्रॅमच्या वर कालवू नका, आणि कपात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. कपात उष्णता कोंडते, रेझिन धुरायला लागतं आणि ब्रश आतच गोठतो.

कापड गुंडाळण्याआधी ट्यूबवरचा गुळगुळीत चकचकीत कागद १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण मोडून काढायचा. तो राहिला तर फायबर त्या कागदाला चिकटतं, ट्यूबला नाही, आणि पुढे टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. शेवटच्या वेढ्यावर पांढऱ्या पॉलिस्टर अस्तराचं कोरं कापड ताणून गुंडाळलं. महागड्या पील-प्लायचं (वाळल्यावर सोलून काढायच्या खास कापडाचं) काम त्याने चोख केलं, जास्तीचं रेझिन शोषलं आणि वाळल्यावर सोलून निघालं. मात्र कोटिंग असलेलं अस्तर निघत नाही, म्हणून आधी हातभर तुकड्यावर बघून घ्या.

इथून पुढचं नीट वाचा, कारण सांगली-साताऱ्यात काम बिघडतं ते इथे.

दमट हवेत के-६ सारखं हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतं आणि वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. बोट फिरवलं तर तेलकट लागतं. बरेच जण थेट पॉलिश पेपर घेतात. पेपर पाच मिनिटांत भरतो आणि ती साय ओरखड्यांत दाबली जाते. थिनरनेही ती जात नाही, नुसती पसरते. ती पाण्यात विरघळते. कोमट पाणी, हिरवी घासणी, दोनदा पाणी बदलून धुणे, कोरड्या फडक्याने पुसणे, आणि मगच पॉलिश पेपर. हे टाळलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि पेंटर म्हणतो तुमची बॉडीच खराब.

दुसरी गोष्ट उष्णता. घरच्या तापमानाला वाळलेलं हे इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाची वस्तू त्याच्या पुढे सहज जाते. रंग दिल्यानंतर रॉकेटने पहिल्यांदाच असं ऊन खाल्लं, तर रेझिन उरलेलं आकुंचन तेव्हा पूर्ण करतं आणि काचेसारख्या रंगाखालून कापडाची वीण दिसू लागते. म्हणून रंगाआधीच बॉडी तापवून घ्यायची. थर्माकोलच्या लांब पेटीत साध्या पिवळ्या बल्बची ऊब, थर्मामीटर, ४० अंशांपासून हळूहळू ५५ पर्यंत, तिथे पाच-सहा तास. बल्ब थर्माकोलपासून लांब ठेवा, पेटीला लक्ष द्यायला माणूस हवा. ट्यूब आडवी ठेवू नका, मधे बाक येतो. उभी, आत सरळ पाइप घालून. असं तापवलेल्या खालच्या ट्यूबवर आज वीण शोधून सापडत नाही. न तापवलेल्या वरच्या भागावर तिरप्या उजेडात चौकटी स्पष्ट दिसतात.

याच कारणाने रंग पांढरा. काळं-लाल दिसायला भारी, पण ते शाळेच्या प्रदर्शनात सावलीत ठेवायच्या रॉकेटसाठी. पीएलएचं नाक तर बंद गाडीत दुपारी ठेवल्यावर खांद्याशी लंबगोल झालं; ते प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच लोळतं. छापायचंच असेल तर एएसए, किमान पीईटीजी.

फिनसाठी ६ मिमीचा प्लाय, आणि तो आयएस ७१० शिक्क्याचा मरीन. कमर्शियल प्लायमध्ये आतल्या थरांत फटी असतात. कडा घासून निमुळती करायला घेतली की त्या भोकासारख्या उघड्या पडतात, आणि पुट्टीने झाकल्या तरी जमिनीवर आपटल्यावर फिन तिथेच फाटतो. फिनची जीभ ट्यूबच्या खाचेतून आत थेट मोटर ट्यूबला टेकली पाहिजे. आधी तिथे, मग आतून बॉडी ट्यूबला रेझिनची गोलाई, आणि मोटर ट्यूब मधोमध धरणारी मागची रिंग सगळ्यात शेवटी. रिंग आधी चिकटवली तर आत हातच जात नाही. तीन फिनसाठी खुणा १०६.७ मिमीवर; कागदाची पट्टी वेढून तिचे तीन भाग करा आणि लोखंडी अँगल ट्यूबवर टेकवून रेघ ओढा.

बाहेरच्या गोलाईसाठी रेझिनमध्ये एरोसिल (घट्ट करणारी सिलिका पूड) आणि मायक्रोबलून (पोकळ कणांची हलकी पूड) घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं. ओघळलं तर एरोसिल कमी पडलं समजा. गोलाईचा आकार काढायला २५ मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा सर्वात बरा, साडेबारा मिमीची त्रिज्या आयती मिळते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि रेझिन ओलं असतानाच ती काढा. स्पिरिटमध्ये बुडवलेलं बोट शेवटी हलकेच फिरवलं (हातमोजा घालून) तर घासकाम निम्मं होतं. फिनच्या मुळाशी इतक्या महिन्यांत केसाएवढीही चीर नाही.

पुट्टीबद्दल मतं ठाम आहेत. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी फक्त टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांना. जाड भरली तर ती आठवडेच्या आठवडे आक्रसत राहते. ट्यूबच्या सर्पिल सांध्यावर ज्या जागी जाड लागली होती, तिथे रंगावर आज रेघ उमटलीय. खोलगट जागेला डबा-ट्यूबवाली पॉलिएस्टर पुट्टी. ती मात्र कच्च्या किंवा न धुतलेल्या इपॉक्सीवर खालून वाळतच नाही, अमाइन तिला अडवतं. वर कडक, खाली चिकट, आणि पापुद्रा निघतो.

घासताना १८०, मग ३२०, मग पाण्याने ६००. मधे काळ्या स्प्रेचा विरळ फवारा मारून ठोकळ्याने घासा. काळं राहील तिथे खड्डा. पाण्याने घासण्याआधी ट्यूबच्या उघड्या कडा फेविक्विक मुरवून बंद करा. कागदाच्या कडेतून आत गेलेलं पाणी कड फुगवतं आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही.

रंग गॅरेजमध्ये गाड्या मारणाऱ्याकडूनच मारून घ्या. पीयूच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून घरच्या गच्चीवर करायचं काम नाही. त्याला एकच बजावून सांगा, बॉडी न तापवलेली असेल तर गरम बूथमध्ये घालायची नाही. स्प्रे कॅनचा रंग स्वस्त पडला, पण आषाढ-श्रावणात मारलेल्या भागावर पांढरट झाक आली. दमट हवेत लाखेच्या पॉलिशचंही असंच होतं, मिरजेच्या सतारी बनवणाऱ्यांना विचारून बघा. शिवाय नखाने ओरखडा उठतो आणि थिनरच्या फडक्याने रंगच निघतो. पीयूवर काजळी, माती, गवताचा हिरवा डाग, सगळं ओल्या फडक्याने गेलं. पट्टे आणि अक्षरं रेडियमवाल्याकडून कापून घेतली. रंगाला आठवडाभर तरी जाऊ द्या, नाहीतर आतून सुटणाऱ्या थिनरचे बुडबुडे स्टिकरखाली धरतात.

पावसाळ्यातला खरा धोका दिसण्याचा नाहीच, जोडाचा आहे. दोन ट्यूब जोडणारा कागदी कपलर हवेतला ओलावा पिऊन फुगतो. मेमध्ये सैल वाटणारा जोड जुलैत दोघांनी ओढूनही निघेना. उड्डाणात असं झालं तर पॅराशूट बाहेर पडत नाही आणि साडेतीन किलोचं रॉकेट भाल्यासारखं खाली येतं. उपाय: कपलरला आतून-बाहेरून पातळ इपॉक्सी मुरवा, ४०० ने घासा, मेणबत्ती फिरवा. नाकाच्या खांद्यावर (ट्यूबमध्ये शिरणाऱ्या भागावर) आणि कपलरवर रंगाचा एक कणही नको, टेप लावूनच द्या. वरची ट्यूब धरून उचललं तर खालची निसटू नये, पण एक झटका दिला की सुटावी. सैल असेल तर मास्किंग टेपचा वेढा. ही तपासणी घरी झाली असली तरी मैदानावर त्या दिवशीच्या हवेत पुन्हा.

पॅराशूटचा हिशेब आपल्या उंचीवर थोडा बदलतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, उन्हाळ्यात हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास. साडेतीन किलो सेकंदाला ६ मीटरने उतरवायचे, सपाट छत्रीचा गुणांक ०.८ धरला, तर क्षेत्रफळ २.१७ चौरस मीटर, म्हणजे व्यास सुमारे १.६६ मीटर. ठेवताना छत्री घडी करून आत कोंबून ठेवू नका. नायलॉनला घड्या पडतात आणि ती उशिरा फुलते. उंदरांपासूनही जपा.

हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरच्या कप्प्याचं घनफळ दीड लिटर भरतं, त्याला ६ मिमीच्या एका भोकाएवढी हवा लागते. एका भोकावर वारा फसवतो, म्हणून ९० अंशांवर ३ मिमीची चार; क्षेत्रफळ तेवढंच होतं. रंगानंतर ही भोकं हाताने ड्रिल फिरवून साफ करा. कडेला रंगाचा उंचवटा राहिला तर दाबाचं माप चुकतं. रेल बटणं (लाँच रेलच्या खाचेत सरकणारी) कुपवाडच्या लेथवर डेल्रिन प्लास्टिकची काढून घेतली, आपल्याकडच्या अॅल्युमिनियम प्रोफाइलच्या खाचेला बसणारी. आयती मागवलेली इंची बटणं मिलिमीटरच्या खाचेत खडखडतात.

आणि रंगानंतर वजन पुन्हा करा. प्रायमर, पुट्टी, पीयू मिळून दोन-अडीचशे ग्रॅम चढतात, त्यातला मोठा वाटा फिनांकडे जातो आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. दोरीवर तोलून मिळालेला आकडा ओपनरॉकेट या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये भरा. मोटर बसवलेल्या अवस्थेत गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) किमान एक व्यास, म्हणजे १०२ मिमी, पुढे हवा. दीड असेल तर बरं. कमी पडलं तर नाकात छर्रे आणि इपॉक्सी, टोकापासून शक्य तितक्या जवळ.