आधी पुस्तक की आधी सिनेमा? पाच मराठी जोड्या

मावसबहिणीचा बंगळूरहून फोन आला. लेक नववीत गेलीय, घरात मराठी बोलते पण मराठी पुस्तक म्हटलं की जांभई देते. "आधी सिनेमा दाखवला तर पुस्तकाकडे वळेल का गं? आणि कुठला दाखवू?" मी पाच नावं घेतली: शाळा, दुनियादारी, नटरंग, फास्टर फेणे आणि चिंटू. पहिल्या तीन कादंबऱ्या, चौथी बालसाहित्यातली मालिका आणि पाचवी चक्क रोजच्या पेपरातली चित्रमालिका. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, म्हणून फोन लांबला.

मी सुरुवात शाळापासून करायला सांगितली. मुलगी नववीत आणि कादंबरीचा नायक मुकुंद जोशीही नववीतच, एवढं कारण पुरे. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची, सुजय डहाकेचा सिनेमा २०१२च्या जानेवारीतला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि अविनाश देशपांडे यांना आधारित पटकथेचाही. आमच्याकडच्या मल्टिप्लेक्सने तेव्हा त्याला सकाळचा असा एक खेळ दिला होता की कुठल्याही शाळकरी मुलाला तो बघता येऊ नये. असो.

ही कादंबरी म्हणजे मुकुंदचा आवाज. मास्तर कसा शिकवतो, थोरली बहीण (तिला तो अंबाबाई म्हणतो) कशी टपून असते, चित्र्या, फावड्या आणि सुऱ्याबरोबर अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून कोण कुणाकडे बघतं याचा हिशेब कसा चालतो, हे सगळं तो आपल्याला कानात सांगितल्यासारखं सांगतो. पडद्यावर हा आवाज आणायचा कसा? निवेदन चिकटवून सिनेमा करता आला असता, आणि तो भिकार झाला असता. डहाकेने चेहऱ्यांवर भरवसा टाकला. मुकुंद झालेला अंशुमन जोशी बराच वेळ काहीच बोलत नाही, नुसता बघतो. केतकी माटेगावकरची शिरोडकर, म्हणजे मुकुंदला आवडणारी वर्गातली मुलगी, मान किंचित वळवते आणि आपल्याला पुस्तकातली चार पानं आठवतात. हरवलं काय, तर मुकुंदचा खवचटपणा आणि आणीबाणी. पुस्तकात आणीबाणी हळूहळू घरात शिरते, सिनेमात ती मागच्या बाकावर बसते.

म्हणून शाळाच्या बाबतीत माझं मत लोकांच्या उलट आहे: आधी सिनेमा, मग पुस्तक. सिनेमा बघून मुलीला शिरोडकर आवडेल, पुस्तक वाचून मुकुंद कळेल. उलट क्रमाने गेलात तर दोन तास नुसतं "हे गाळलं, ते गाळलं" चालू राहतं. माझं तेच झालं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचंही माझ्यामुळे.

दुनियादारीला मात्र हा क्रम चालणार नाही. सुहास शिरवळकरांची कादंबरी १९८२ची, हॉस्टेलात हातोहात फिरून कव्हर निखळलेली प्रत ही तिची खरी आवृत्ती. संजय जाधवचा सिनेमा जुलै २०१३ मध्ये आला आणि धो धो चालला. गाणी अजून लग्नात वाजतात. पण दोन्हींची तुलना करायला बसलात तर पंचाईत. श्रेयस, दिग्या, शिरीन, मिनू, कट्टा, नावं सगळी तीच, शेवट मात्र बदललाय, आणि शेवट बदलला की मागचा सगळा रंगच बदलतो. शिरवळकरांचा श्रेयस चुकतो, भरकटतो, त्याचा रागही येतो. सिनेमातल्या श्रेयसवर प्रेक्षकाने रडावं अशी सोय आधीच करून ठेवलीय. त्यात स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी पस्तिशीच्या आसपासचे किंवा पुढचे. कॉलेजच्या कट्ट्यावर ते विद्यार्थी कमी आणि माजी विद्यार्थी संघाचे पदाधिकारी जास्त वाटतात. दिग्या म्हणून अंकुशला शिट्ट्या पडल्या त्या रास्तच. आणि संदीप कुलकर्णीचा एम. के. श्रोत्री, बारमध्ये ग्लास समोर ठेवून बसलेला, हा एकटा माणूस थेट पुस्तकातून उठून आलेला आहे.

ज्याला कादंबरी वाचायची आहे त्याने आधी कादंबरीच वाचावी. सिनेमा आधी बघितला तर शेवट डोक्यात पक्का बसतो आणि पुस्तकाचा शेवट चुकीचा वाटायला लागतो. माझ्या ओळखीत असे तिघं आहेत. आणि नववीतल्या मुलीला हे पुस्तक आताच द्यायची घाई नको. अकरावीत कट्टा मिळेल तेव्हा द्या.

नटरंग हे तिसरंच प्रकरण. आनंद यादवांची कादंबरी १९७८ची, रवी जाधवचा सिनेमा २०१०च्या १ जानेवारीचा. राजा व्हायला निघालेल्या पैलवान गड्याला, गुणाला, तमाशाच्या फडात नाच्या व्हावं लागतं, ही गोष्टच अंगाची आहे. पानावर यादव गुणाच्या मनातलं ओझं दाखवतात, पण अतुल कुलकर्णीची छाती आणि नंतर त्याचीच मुरकी एका देहात बघणं, शिवाय खाली अजय-अतुलची ढोलकी, हे पुस्तकाच्या हातात नाही. कागलकडची बोली बंगळूरच्या मुलीला पहिल्या पानावरच अडवेल. इथे सिनेमा बघून थांबलं तरी मी रागावणार नाही.

फास्टर फेणे: भा. रा. भागवतांचा बनेश फुरसुंगीचा शाळकरी, सायकलवर टांग मारून 'ट्टॉक' करणारा. २०१७च्या सिनेमात अमेय वाघचा बनेश मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्यात नाक खुपसतो. दिलीप प्रभावळकरांना भागवत म्हणूनच पडद्यावर आणलंय, ही शक्कल मला फार आवडली. गिरीश कुलकर्णीचा आप्पा तर खलनायक असून लाडका. पण हा आपला फेणे नव्हे, त्याचा थोरला भाऊ म्हणा. दहा वर्षांच्या पोराला पुस्तकं द्या, पंधराच्या पोराला सिनेमा. त्यामुळे भाचीला सिनेमा, आणि तिच्या धाकट्या भावाला पुस्तकं.

चिंटूचं थोडक्यात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून पेपरात यायचा. तीन-चार चौकटींत विनोद संपायचा, चहाही संपलेला नसायचा. २०१२चा श्रीरंग गोडबोलेंचा सिनेमा मुलांना घेऊन बघायला गोड आहे, पण चौकटीतला चिंटू दोन तास ताणला की मधूनमधून कथानक लागतं, आणि मैदान वाचवायची गोष्ट आपण आधी कुठेतरी बघितलेली असते. संग्रह घेऊन घरात कुठेतरी टाकून ठेवा, तो आपोआप वाचला जातो.

तर भाचीसाठी क्रम ठरला: शनिवारी शाळा, पुढच्या शनिवारी फास्टर फेणे, नटरंग दिवाळीत आजीबरोबर. माझी शाळाची प्रत कुरियरने पाठवलीय. दुनियादारीची मागू नका म्हटलं, ती २०१३ साली एक मैत्रीण "सिनेमा बघायच्या आधी वाचून देते" म्हणून घेऊन गेली.