६६ ची मस्टँग: जुनं सस्पेन्शन सुधारायचं, कॉइलओव्हर लावायचे की टॉवर कापायचे?

फोर्डची १९६५-६६ ची मस्टँग ज्याच्याकडे आहे त्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. इंजिन मस्त चालतंय, रंग बरा आहे, पण हायवेला ताशी ६५ मैलांच्या वर गेलं की गाडी सरळ चालत नाही, सारखं स्टिअरिंग सावरत बसावं लागतं, आणि रॅम्पवर वळताना नाक इतकं झुकतं की शेजारी बसलेला दार घट्ट धरतो. मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, माझी ६६ ची कूप आहे, २८९ घनइंची इंजिन आणि दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवाली. इथे आपली बरीच मराठी मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, त्यातल्या दोघांनी याच वर्षी जुनी मस्टँग घेतली आणि दोघांचा प्रश्न तोच की पैसे नेमके कुठे घालू. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी गाडी अशी का वागते ते समजून घ्या, नाहीतर कॅटलॉग बघून डोकं फिरेल. मस्टँग १९६४ च्या एप्रिलमध्ये आली ती फाल्कनच्या सांगाड्यावर, आणि फाल्कन ही साधी, हलकी, स्वस्त घरगुती गाडी. पुढचं चाक वर-खाली हलणाऱ्या दोन आर्मनी धरलेलं असतं; कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, शॉकअप तिच्या पोटात, आणि सगळा भार जातो इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शॉक टॉवरमध्ये. खालचा आर्म म्हणजे एकच दांडा, त्याला पुढून स्ट्रट रॉड धरून ठेवतो. वरच्या आर्मची जागा अशी आहे की वळणावर बॉडी झुकली की बाहेरचं चाक पण बाहेरच्या बाजूला कलतं, म्हणजे ज्या चाकावर सगळी भिस्त तेच टायरच्या कडेवर उभं राहतं. नुसती कडक स्प्रिंग घालून हे सुटत नाही, झुकणं कमी होतं एवढंच, मूळ दोष जिथल्या तिथे.

आता पहिला पर्याय, जो माझ्या मते दहातल्या आठ जणांनी घ्यावा. मूळ रचना ठेवायची आणि तिच्यातली चूक दुरुस्त करायची. वरचा आर्म जिथे टॉवरला बोल्ट होतो ती भोकं १ इंच खाली आणि १/८ इंच मागे नव्याने पाडायची. याला शेल्बी ड्रॉप म्हणतात, पण भूमिती बसवली फोर्डच्या क्लाउस आर्निंग या इंजिनिअरने, म्हणून काही लोक आर्निंग ड्रॉप म्हणतात. शेल्बीने मस्टँगवरून बनवलेल्या १९६५ च्या जीटी ३५० ला हेच केलेलं होतं. खर्च म्हणाल तर टेम्प्लेट, चांगला ड्रिल बिट आणि एक दुपार. आणि फायदा इतका की मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा ओळखीच्याच वळणावर दोनदा जाऊन आलो, खरं वाटेना. एकच सांभाळा, १ इंचापेक्षा जास्त उतरवायचा मोह झाला तर बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडे जोडणारा फिरता सांधा) त्याच्या टोकाला जाऊन अडकतो, मग त्याचा कोन बदलायला वेगळी वेज, म्हणजे पाचर, लागते. रस्त्यावरच्या गाडीला १ इंच पुरे.

याच्या जोडीला ६२० पाउंडाच्या आसपासची (म्हणजे १ इंच दाबायला तेवढा भार लागणारी), गाडी १ इंच खाली बसवणारी स्प्रिंग, १ इंच जाडीचा पुढचा स्वे बार (बॉडीचं झुकणं रोखणारा आडवा दांडा), आणि शॉकअप मात्र चांगलेच घ्या, बिलस्टाइन किंवा कोनी. शॉकअपवर पैसे वाचवलेली गाडी लगेच कळते, खड्ड्यातून गेली की दात आपटतात. अजून एक वस्तू आहे जिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही, रोलर पर्च. वरच्या आर्मवर स्प्रिंग ज्या पाळण्यात बसते त्यात कंपनीने रबराचा बुश, म्हणजे सांध्यातलं अस्तर, दिलाय, तो प्रत्येक उसळीला पिळला जातो. त्याऐवजी बेअरिंगवाला पर्च घातला की स्प्रिंग मोकळी हलते. ओपनट्रॅकरचे मिळतात. पैशाच्या मानाने एवढा फरक देणारी दुसरी वस्तू मला तरी सापडली नाही.

दुसरा पर्याय कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीच बसवलेली स्प्रिंग असा एकच भाग. यात पण दोन जाती आहेत आणि विकणारे त्या नीट वेगळ्या करून सांगत नाहीत. एका जातीत कॉइलओव्हर वरच्या आर्मवरच बसतो, टॉवर तसाच राहतो, सगळं बोल्टवर. दुसऱ्या जातीत तो खालच्या आर्मवर येतो. इथे स्प्रिंगच्या आकड्यावरून तुलना करायची चूक सगळे करतात. मूळ रचनेत स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसते, म्हणजे चाक २ इंच हललं तर स्प्रिंग १ इंचच दबते, आणि चाकापाशी मिळणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे ६२० च्या स्प्रिंगचे चाकापाशी उरतात फक्त १५५. खालच्या आर्मवर समजा ०.७ चं प्रमाण मिळालं तर ३५० च्या स्प्रिंगचे होतात १७१. म्हणजे ३५० वाली ६२० वालीपेक्षा कडक! कॅटलॉगमधला आकडा बघून मऊ समजून घ्याल आणि पाठदुखी घेऊन बसाल. विकणाऱ्याला सरळ विचारा, चाकापाशी रेट, म्हणजे कडकपणा, किती, उत्तर देता आलं नाही तर पुढे जा.

फायदे आहेतच. उंची पान्याने बदलता येते, स्प्रिंग बदलणं सोपं. मूळ स्प्रिंग काढायची म्हणजे टॉवरच्या वरून कंप्रेसर घालून दाबायची, त्या वेळी तिच्यात इतका जोर भरलेला असतो की सुटली तर माणूस जाईल, हे काम उधारीच्या हलक्या कंप्रेसरने करू नका. ज्याला ट्रॅकवर जायचंय, सारखे सेटिंग बदलायचेत, त्याने कॉइलओव्हर खुशाल घ्यावेत. पण ड्रॉपचा खर्च शेकड्यांत बसतो तर हा हजारांत जातो, आणि नुसतं रविवारी फिरायला यातलं निम्मं पण वापरलं जात नाही.

तिसरा पर्याय टॉवर कापून मस्टँग-२ पद्धतीचं फ्रंट एंड. मस्टँग-२ म्हणजे १९७४ ते ७८ ची छोटी गाडी, तिची पुढची रचना हॉट रॉडवाल्यांनी उचलली कारण ती आटोपशीर आहे आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आयतं मिळतं. टॉवर गेले की इंजिनला जागाच जागा, फोर्डचं आताचं ५ लिटरचं कोयोटी इंजिन घालायचं असेल तर त्याची रुंदीच इतकी आहे की हा रस्ता जवळजवळ घ्यावाच लागतो. पण लक्षात घ्या, ही गाडी वेगळ्या फ्रेमची नाही, पत्र्याचीच बॉडी भार घेते, आणि फोर्डने तो भार टॉवरमधून नेला होता. टॉवर कापला की तोच भार खालच्या रेलवर, म्हणजे बॉडीच्या तळाच्या लांब पत्र्याच्या पेट्यांवर, येतो, म्हणून रेल मजबूत करायच्या, वेल्डिंग करणारा पक्का हवा, आणि रेल गंजलेल्या असतील तर आधी त्या बदला. आमच्याकडे मिशिगनला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, इथल्या गाडीत हे तपासल्याशिवाय कटर हातात घेऊच नका. आणि कापलेला टॉवर परत येत नाही. मूळ २८९ ठेवून नुसतं "हँडलिंगसाठी" टॉवर कापलेली गाडी बघितली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण पहिल्या पर्यायाने ते काम झालं असतं.

मागच्या बाजूला फार खोलात जात नाही. लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्याकडे ट्रकला पाटे म्हणतात ते, बसलेले असतील तर नवे घाला आणि चांगले शॉकअप. दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरला पाटे व्यवस्थित पुरतात. फोर लिंक (मागचा एक्सल चार दांड्यांनी धरणारी रचना) वगैरे तेव्हाच, जेव्हा ताकद दुप्पट होणार असेल.

बुशबद्दल माझा अनुभव सांगतो कारण यात धोका आहे. मी आधी सगळीकडे पॉलियुरेथेनचे बुश घातले होते, एका दुकानात पूर्ण किट म्हणून मिळाले, स्ट्रट रॉडला पण तेच. आता स्ट्रट रॉडला बुशमध्ये थोडं वाकायची मुभा लागते, पॉली ती देत नाही, मग वाकतो तो रॉडच, प्रत्येक खड्ड्याला थोडा थोडा. माझ्या रॉडला आट्यांपाशी बारीक चीर दिसली, ती पण ऑइल बदलताना खाली गेलो म्हणून. तुटला असता तर ब्रेक लावताना चाक मागे गेलं असतं. तिथे एकतर रबर ठेवा नाहीतर गोल जॉइंटवाला ॲडजस्टेबल रॉड घ्या. घरी मुलगी त्या गाडीत बसते, त्यामुळे या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

आणि पर्याय कुठलाही घ्या, शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन लावणं. जुन्या मॅन्युअलमधले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होते, आताच्या रेडियल टायरला ते चालत नाहीत. मी पहिल्यांदा केली तिथे पुस्तकातलेच आकडे लावून दिले आणि एवढं काम करून पण गाडी हायवेला भटकतच होती, मला वाटलं ड्रॉपच चुकला. दुसऱ्या ठिकाणी कागदावर लिहून नेलं, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) उणे अर्धा अंश, कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या आसावर वळतं त्याचा कल) अधिक २ ते ३ अंश, टो-इन (दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली) १/८ इंच. ६५-६६ ला कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही वरच्या आर्ममागच्या शिमनी, म्हणजे पातळ पत्र्यांनी, लावतात, ६७ पासून खालच्या आर्मला कॅम, म्हणजे फिरवून आर्म सरकवायचा बोल्ट, आला, त्यामुळे मेकॅनिकला शिमचं काम येतं का हे फोनवरच विचारून घ्या. पॉवर नसलेलं साधं स्टिअरिंग असेल तर कॅस्टर २ च्या आसपास ठेवा, नाहीतर पार्किंगमध्ये खांदे दुखतात.

तेव्हा त्या दोघांपैकी ज्याची २८९ मूळची आहे त्याला मी ड्रॉप, रोलर पर्च आणि बिलस्टाइन सांगितलंय, टेम्प्लेट माझ्याकडचंच देणार. दुसऱ्याच्या मनात कोयोटी आहे, त्याला म्हटलं आधी गाडी लिफ्टवर घे, स्क्रूड्रायव्हरने रेल टोचून बघू, मग ठरवू. पुढच्या शनिवारी जाणार आहोत.