पिशवी काढायची, पण अंडाशयांचं काय?

‘पिशवी काढू या’ असं डॉक्टर म्हणाले की घरचे लगेच म्हणतात, ‘एकदाच सगळं काढून टाक, पुन्हा कटकट नको.’ या ‘सगळं’मध्ये दोन वेगळे अवयव आहेत. पाळी येते पिशवीतून म्हणजे गर्भाशयातून, इस्ट्रोजेन तयार होतं अंडाशयात. चाळिशीतल्या बाईने जास्त विचार करायचा तो या दुसऱ्याचा.

फक्त पिशवी काढली तर अंडाशयांचं चक्र चालू राहतं. रक्तस्राव होत नाही, बीज पोटातच विरतं. पण महिन्याला छाती जड होणं, चिडचिड हे राहू शकतं. त्याला घाबरू नका, अंडाशयं काम करताहेत. मात्र ‘अंडाशयं ठेवलीत, काही बदलणार नाही’ हे निम्मंच खरं. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी येतं: एक थेट महाधमनीतून, दुसरी गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून. ही दुसरी वाट शस्त्रक्रियेत बंद होते. अमेरिकेत ३० ते ४७ वयाच्या बायकांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार वर्षांनी पिशवी काढलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणींची अंडाशयं थांबली होती; न काढलेल्यांत ८ टक्के. सरासरीने रजोनिवृत्ती दोनेक वर्षं आधी. एक अंडाशयही काढलं असेल तर शक्यता आणखी वाढते.

पंचाईत अशी की पाळीच नसल्याने हे कळत नाही. अंगातून वाफा, रात्री घाम, उडालेली झोप अशी चिन्हं दिसली तर एफएसएच (अंडाशयं थंडावली की रक्तात वाढणारं हार्मोन) तपासून घ्या. ‘वयाचं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

दोन्ही अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच घसरतं. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वय ४५च्या आत असेल तर हाडं आणि हृदय दोन्हींची काळजी, आणि बहुधा पन्नाशीपर्यंत हार्मोनची गोळी किंवा जेल. (पिशवी नसल्याने बहुधा नुसतं इस्ट्रोजेन चालतं, जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागत नाही, एवढाच दिलासा.) बदल्यात अंडाशयाच्या कॅन्सरची भीती जवळजवळ संपते. बीआरसीए या जनुकात दोष (त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) असेल तर हा सौदा नक्कीच मोलाचा. तसा दोष किंवा घरात कॅन्सरचा इतिहास नसेल, तर चाळिशीत चांगली अंडाशयं काढणं मला महाग वाटतं. अंडाशयं ठेवून फक्त नळ्या (बीज पिशवीकडे नेणाऱ्या गर्भनलिका) काढल्या तरी हा धोका बराच कमी होतो, कारण यातले बरेच कॅन्सर नळीतच सुरू होतात. याबद्दल आवर्जून विचारा.

पिशवीतल्या साध्या गाठी किंवा अति रक्तस्राव एवढंच कारण असेल तर हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू, गोळ्या, नुसत्या गाठी काढणं हेही आधी विचारायला हवं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत निघाल्याचं प्रकरण गाजलं आणि २०१९मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते आठवतं ना?

संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘दोन्ही अंडाशयं ठेवायची’ हे त्यावर लिहून घ्या. घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर काय काढलं, काय ठेवलं तेही वाचा.